एक हात की अडीच हात

भुसावळला, स्टेशनामागच्या गल्लीत भारंबेंचं दुकान.
आधी रेल्वेत सिग्नलला होते.
निवृत्त झाले, पण कान काही जमा केले नाहीत.

काउंटरवर दोन काठ्या आडव्या.
एक हातभर, तुरीच्या वाळक्या काडीसारखी.
दुसरी अडीच हात, लवलवती, बुडाशी कॉइलचा गोटा,
खोक्यावर छापलेलं: गेन जास्त.
साहेबांनी फोटोवरून हीच पसंत केलेली.

‘गेन म्हंजे काय वाटते तुले?’
मी म्हणालो, ताकद.
ते हसले नाहीत. बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाले,
‘सेट तुह्या जिपात पंचवीस वॅटचा. तो काई वाढत नाई.
कळण्याचा गोळा तेवढाच, भो.
लांब काठी भाकर थापते, पातळ,
पार तव्याच्या काठापर्यंत.
आखूडवाली बट्टी करते. पसरत नाई,
पन वरबी असते.
आता सांग, तुले जेवायचं कुठी?’

मला सांगता येईना, म्हणून दोन्ही घेऊन निघालो,
चुंबकाच्या बुडावर, केबल खिडकीतून आत.

सावदा, फैजपूर, दोन्हीकडे केळी,
रस्ता दोरी ओढल्यासारखा.
लांब काठीवर यावलहून सपकाळेबाई अशा आल्या
की त्यांच्या मागचा पंखासुद्धा ऐकू आला.
मी मनात साहेबांची माफी मागितली.

मग जामन्याच्या अंगाला घाट लागला.
रिपीटर डोंगराच्या टोकावर,
आम्ही त्याच्या थेट पायाशी,
आणि सेटमध्ये नुसती तेलात मोहरी.
भाकर सपाट निघून गेली होती कुठेतरी गुजरातेकडे.
पुढच्याच वळणावर सागाची फांदी आली.
काठी छतावरून घसरली, केबलला लोंबकळत
दारावर ठकठक करीत राहिली, आत घ्या म्हणाल्यासारखी.

थांबलो. हातभरवाली ठेवली.
आवाज आला. केसाएवढा, खरखरीत,
पण वाक्य पूर्ण:
‘हुरमत, डिझेलची पावती कुठे आहे?’

ठरलं मग.

त्यानंतर अर्ज: शासकीय वाहनाच्या छतास छिद्र पाडणेबाबत.
शेरा आला, बंपरवर लावावी, तिथे जागा आहे.
भारंबे म्हणाले, ‘जागा तर सायलेन्सरवरबी आहे.
वर दिसते ती अर्धीच असते, त्याईले सांग.
बाकीची अर्धी छताच्या पत्र्यात पसरते.
मधोमध पायजे. चहूकडे सारखा पत्रा.’
सतरा दिवसांनी सही झाली.

ड्रिल चाललं तेव्हा मी डोळे मिटले,
आपल्याच टाळूला भोक पाडत असल्यासारखं.
किस माझ्या सीटवर पडला, अजून कुठे कुठे टोचतो.
रिंगेखालचा रंग त्यांनी खरवडला, पत्रा चकाकेपर्यंत,
वर रबराचा वॉशर, मग मीटर.
काठी मुद्दाम लांब ठेवलेली.
तांदळाच्या दाण्याएवढी कापायची, काटा बघायचा.
पुन्हा एक दाणा. पुन्हा काटा.
‘घाई नको. केस कापता येतात,
लावता येत नाई, हे न्हाव्याच्या पोरालेबी ठाव असते.’

काटा एकच्या जरा पुढे येऊन टेकला.
आणखी एकदा कापू, मी म्हणालो.
त्यांनी करवत पुसून खणात टाकली.
‘मीटरले दाखवाले लावतो आहे का बोलाले?’

लांब काठी साहेबांच्या गाडीवर गेली.
जळगाव हायवेला फार छान चालते,
खोटं कशाला बोलू.

मी रात्री लंगड्या आंब्याकडून उतरतो.
फांद्या छताला घासतात, काडी वाकते, सरळ होते.
कापलेले आठ दाणे काडेपेटीत ठेवलेत, का ते विचारू नका.
अर्धी अँटेना वर उभी असते,
उरलेल्या अर्धीखाली बसून मी गिअर बदलतो
आणि सपकाळेबाईंना सांगतो, ऐकू येतंय, स्पष्ट.

पावती अजून सापडलेली नाही.